अबू उमैरचा पक्षी आणि मुलांची वही

आपल्या मकतबांतून मुलांकडून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या दुआंमध्ये एक दुआ अशी आहे की, तिचे शब्द मुलांच्या जिभेवर सहज बसतात. पण त्या शब्दांत काय साठवलेले आहे, याकडे शिकवणाऱ्यांचेच लक्ष क्वचित जाते. सहीह बुखारीत ती हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. अनस (रजि.) लहान वयातच आदरणीय पैगंबर (स.) यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे त्यांच्याजवळ राहिले. पैगंबर (स.) ही दुआ वरचेवर करीत असत, असे ते सांगतात. तीत आठ गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागितलेला आहे: हम्म आणि हजन, अज्ज आणि कसल, बुख्ल आणि जुब्न, कर्जाचे ओझे आणि माणसांची दडपशाही.

इमाम इब्नुल कय्यिम (रह., निधन हि. 751, इ.स. 1350) यांनी या आठ गोष्टी जोडीजोडीने उलगडून दाखवल्या आहेत. हम्म म्हणजे पुढे काय होईल याची चिंता, तर हजन म्हणजे जे होऊन गेले त्याचे दुःख. अज्ज म्हणजे करू म्हटले तरी हातून न होणे, तर कसल म्हणजे होण्यासारखे असूनही मनाने न घेणे. बुख्ल असलेला माणूस आपल्या पैशाने कोणाच्या उपयोगी पडत नाही, जुब्न असलेला आपल्या जिवाने. शेवटच्या जोडीत माणूस दुसऱ्याच्या दबावाखाली येतो. कर्जात तो दबाव हक्काचा असतो, दडपशाहीत अन्यायाचा. मराठी साहित्याची पदवी घेताना मनोव्यापारांचे वर्णन करणारे पुष्कळ लेखन मी वाचले. परंतु इतक्या थोड्या शब्दांत मनाच्या अवस्था इतक्या नेमक्या वेगळ्या केलेल्या मला फारशा आढळल्या नाहीत. आणि ही दुआ तर आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलांना पाठ आहे!

रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावरच्या गावात मी इमामत करतो आणि असर ते मगरिब मकतब घेतो. मोठ्या गटात दहा ते चौदा वर्षांची बावीस मुले-मुली आहेत. काही मराठी शाळेत जातात, काही उर्दू शाळेत. घरी ती कोकणी बोलतात, दुआ अरबीत करतात आणि मोबाइलवर हिंदी ऐकतात. निम्म्याहून अधिक घरांतील वडील कुवेत, दुबई, मस्कत किंवा मुंबई येथे आहेत. एके दिवशी ही दुआ म्हणवून घेतल्यावर मी हम्म या शब्दाचा अर्थ विचारला. सर्वांनी एका सुरात सांगितले: चिंता. मग विचारले, तुमच्यापैकी कोणाला कधी हम्म होतो का? वर्ग गप्प झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, “मौलाना, चिंता मोठ्या माणसांना असते.”

शब्द पाठ आहे, अर्थ पाठ आहे. पण तो अर्थ आपल्याच छातीत कोठे राहतो, हे ठाऊक नाही. मुलांना लिहायला बसवावे, असे मला त्या दिवशी वाटले.

हिशेबाची वही का फसली

माझ्यासमोर नमुना होता तो इमाम गजाली (रह., निधन हि. 505, इ.स. 1111) यांचा. ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात मुराकबा आणि मुहासबा यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापारी आपल्या भागीदाराशी जसा वागतो तसे माणसाने आपल्या नफ्सशी वागावे, असे ते समजावतात: सकाळी अटी घालाव्यात, दिवसभर लक्ष ठेवावे आणि संध्याकाळी जमाखर्च मांडावा. त्यांच्याही पूर्वी बगदादमध्ये हारिस अल-मुहासिबी (रह., निधन हि. 243) होऊन गेले; स्वतःचा हिशेब घेण्यावरूनच त्यांचे हे नाव रूढ झाले. म्हणून मी बावीस वह्या आणल्या आणि रोज आपल्या चुका लिहायला सांगितले.

पंधरा दिवसांत मला कळून चुकले. बावीस वह्यांत एकच मजकूर होता. फजर चुकली, आईला उलट बोललो, खोटे बोललो, अल्लाह माफ करो. मौलानांना काय आवडेल ते मुलांनी लिहिले होते. एका मुलाने तर स्वतःऐवजी थोरल्या भावाच्या चुका दोन पाने भरून, तारीखवार लिहिल्या होत्या. म्हणजे मुहासबा बाजूला राहिला आणि गीबत सुरू झाली.

दोष गजालींचा नव्हे, माझा होता. जमाखर्च तोच मांडू शकतो, ज्याला आपल्या दुकानात कोणता माल आहे हे माहीत असते. मुलाने अजून आपले दुकान नीट पाहिलेलेही नसते. शिवाय दुसरी, अधिक गंभीर गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली होती. बुखारी व मुस्लिम या दोहोंत असलेल्या हदीसचा आशय असा की, रात्री हातून घडलेल्या पापावर अल्लाहने पडदा टाकलेला असताना सकाळी उठून जो स्वतःच ते सांगत सुटतो, त्याने आपले मोठे नुकसान करून घेतले. आपल्या धर्मात पापाची कबुली अल्लाहजवळ असते, मौलानाजवळ नव्हे. मुलाला पाप लिहून माझ्यापुढे ठेवायला लावणे म्हणजे अल्लाहने टाकलेला पडदा मी ओढण्यासारखे होते. त्या वह्यांतील लिहिलेली पाने मी फाडून मुलांच्याच हाती दिली.

एक लहानसा प्रश्न

उत्तर मिळाले ते पुन्हा अनस (रजि.) यांच्याच घरात. त्यांचा अबू उमैर नावाचा एक धाकटा भाऊ होता, उम्मे सुलैम (रजि.) यांचा मुलगा. त्याच्याजवळ नुगैर नावाचा चिमणीएवढा पक्षी होता आणि तो त्याच्याशी खेळत असे. अबू दाऊदमधील रिवायतीनुसार तो पक्षी मेला. पैगंबर (स.) घरी आले तेव्हा मूल हिरमुसलेले दिसले. त्यांनी घरच्यांना कारण विचारले, ते समजले, आणि मग मुलाकडे वळून त्यांनी विचारले की, अबू उमैर, नुगैरने काय केले बरे?

पुन्हा वाचा. पक्षी मेल्याचे पैगंबर (स.) यांना आधीच सांगण्यात आले होते, तरीही त्यांनी मुलाला विचारले. माहिती घरच्यांकडून मिळाली होती, पण ती गोष्ट मुलाची होती आणि ती सांगण्याचा हक्कही त्याचाच होता. प्रश्नही कसा? तू दुःखी का आहेस, असा नाही. सब्र कर, असे नाही. विचारले ते पक्ष्याबद्दल; तेही लहान मुलाला त्याच्या कुनियतने हाक मारून, आणि उमैर-नुगैर असा खेळकर यमक साधून. शाफिई फकीह इब्नुल कास (रह., चौथे हिजरी शतक) यांनी या एकाच हदीसमधून साठ फायदे काढून त्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे. एकसष्टावा सांगण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु मुलाच्या अंतःकरणापर्यंत जाणारा प्रश्न केवढा असावा, याचे माप मला येथे मिळाले: पक्ष्याएवढा.

आपण मुलांना सहसा काय लिहायला देतो? ‘माझी आई’, ‘माझा आवडता सण’, ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग’. गाईडमधील उत्तर पाठ करण्याची सोय या विषयांतच असते. आता मी मुलांना विषय देत नाही, प्रश्न देतो. काल रात्री झोप लागण्यापूर्वी शेवटचा कोणता आवाज ऐकलास? घरातील कोणती वस्तू हरवली तर ती फक्त तुलाच कळेल? मकतबला येताना कोणत्या दारासमोर पाय रेंगाळतात? कोणाची माफी मागायची राहिली आहे. मागायची झाल्यास पहिले वाक्य कोणते असेल? वडिलांना फोनवर न सांगितलेली एक छोटी गोष्ट कोणती?

कधी प्रश्न कुरआनमधून निघतो. सूरह कससमध्ये मूसा (अलै.) यांची आई बाळाला नदीत सोडते आणि त्यांच्या बहिणीला मागावर पाठवते. ती बहीण दुरून, कोणाला संशय येणार नाही अशा बेताने, लक्ष ठेवते. घरच्या धाकट्यावर असेच दुरून लक्ष ठेवण्याची वेळ तुझ्यावर कधी आली का? येथे एक पथ्य आम्ही पाळतो. पैगंबरांच्या तोंडी काल्पनिक वाक्ये घालायची नाहीत. लिहायचे ते स्वतःबद्दल. भाषेचे बंधन मात्र नाही. मराठी, उर्दू, कोकणी, ज्या भाषेत ती गोष्ट घडली त्या भाषेत लिहावी. शुद्धलेखन मी तपासत नाही, आणि मराठीच्या पदवीधराला हे किती जड जाते ते अल्लाहच जाणे!

लिहून झाल्यावर मुलाने समासात त्या दुआतील आठांपैकी एक शब्द लिहायचा, लागू असेल तरच. चिंता मोठ्यांना असते म्हणणाऱ्या मुलीने शेवटच्या आवाजाच्या प्रश्नावर आजीच्या खोकल्याबद्दल लिहिले. आजी खोकली की मी पुढच्या खोकल्याची वाट पाहते, तो आला नाही तर उठून तिचा श्वास बघते, असे तिने कोकणीत लिहिले होते. समासात प्रथम काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी तेथे पेन्सिलीने लिहिलेले दिसले: हम्म.

दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. गणिताचा गृहपाठ न करणारा एक मुलगा आहे. घरी, शाळेत आणि खरे सांगायचे तर मकतबातही त्याला सगळे आळशी म्हणत. त्याने समासात आधी ‘कसल’ लिहिले, मग खोडले आणि ‘अज्ज’ लिहिले. मी विचारले तेव्हा म्हणाला, “मौलाना, करायचे असते, पण अपूर्णांक आले की काही समजत नाही.” आळसावर उपाय वेगळा आणि असमर्थतेवर वेगळा. दोन वर्षे आम्ही त्याला चुकीच्या दुखण्याचे औषध देत होतो. त्याच्या शाळेतील शिक्षकांशी मी बोललो. आता आठवीतील एक मुलगा त्याला मगरिबनंतर अपूर्णांक शिकवतो.

काही पालक विचारतात की, मुलांना आपल्या दुःखात डोकावायला शिकवणे सब्रच्या विरुद्ध नाही का? हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे पडले, असे सूरह यूसुफमध्ये आहे, आणि आपले गाऱ्हाणे ते अल्लाहपुढेच मांडीत. आपले तान्हे पुत्र इब्राहीम यांच्या अखेरच्या क्षणी पैगंबर (स.) यांचे डोळे भरून आले, आणि अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा ही दया आहे, असे त्यांनी सांगितले. सब्र म्हणजे दुःख नाकारणे नव्हे. ज्याला आपल्या दुःखाचे नावच माहीत नाही, तो ते अल्लाहपुढे मांडणार तरी कसे? मनात आलेले कागदावर बांधून ठेवणे ही आपल्याकडे नवी रीतही नाही. इब्नुल जौजी (रह., निधन हि. 597, इ.स. 1201) यांच्या ‘सैदुल खातिर’ या ग्रंथाच्या नावाचा अर्थच मनात येणाऱ्या विचाराची शिकार असा आहे, विचार येतो आणि निसटतो, म्हणून तो लिहून पकडायचा.

एक सावधगिरी मात्र आधुनिक संशोधनाकडून घ्यावी. 1986 साली जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील आघातांबद्दल लिहून घेतले होते. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या पुढील महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून उठल्यावर लगेच मात्र त्यांना अधिक वाईट वाटत होते. याचा मी इतकाच बोध घेतला की, लिखाण मकतबाच्या शेवटी ठेवायचे नाही. असरनंतर आधी लिहायचे, मग सबक, मग थोडा खेळ. मगरिबच्या काळोखात मुलाला उघडी जखम घेऊन घरी पाठवू नये.

दुमडलेला कोपरा

आता माझी चूक सांगतो.

वडिलांना फोनवर न सांगितलेली गोष्ट, या प्रश्नावर एका मुलाने दीड पान लिहिले. वडील आखातात आहेत. त्यांचा व्हिडिओ कॉल आला की मी मागे विहिरीवर जाऊन सुपारीला पाणी घालतो, असे त्याने लिहिले होते. कारण ते नेहमी तीन प्रश्न विचारतात: जेवलास का, नमाज पढलास का, अभ्यास केलास का. तीन उत्तरे दिली की बोलायला काही उरत नाही, आणि मग आम्ही दोघे पडद्यावर आपापला चेहरा बघत बसतो.

ते वाचून मी हरखलो. माझ्यातला मराठीचा विद्यार्थी जागा झाला आणि इमाम झोपी गेला. नाव न घेता मी ते पान वर्गात मोठ्याने वाचले, असे लिहावे म्हणून. तिसऱ्या वाक्याला कोणी तरी हसले. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

मुलगा नऊ दिवस आला नाही. मी घरी गेलो. त्याची आई दारातच म्हणाली, “मौलाना, तुम्ही नाव घेतलं नाहीत हे खरं. पण विहिरीवर सुपारी असलेली घरं या गावात किती आहेत?” मी तिच्यासमोर मुलाची माफी मागितली. तो काही बोलला नाही. पुढच्या जुमानंतर येऊ लागला.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांत एक हदीस आहे. तिचा आशय असा की, एखाद्याने तुम्हाला काही सांगितले आणि सांगताना इकडेतिकडे पाहिले, तर ते बोलणे तुमच्याकडे अमानत झाले. तोंडाने ‘कोणाला सांगू नका’ म्हणायची गरज नाही. त्याची नजर पुरेशी आहे. ही हदीस मी मदरशात शिकलो होतो, परीक्षेत तिच्यावर उत्तरही लिहिले होते. मुलाची वही ही ती नजरच आहे, एवढे मात्र मला कळले नव्हते. तेव्हापासून नियम केला आहे. ज्या पानाचा कोपरा मुलाने दुमडला, ते पान मी उघडत नाही. उघड्या पानांवर लाल शाई नाही, गुण नाहीत, शेरा नाही. फार तर समासात माझा एक प्रश्न, पुन्हा पक्ष्याएवढा. वह्या मकतबाच्या कपाटात कुलपात असतात आणि रमजानच्या सुटीत त्या मुलांना कायमच्या परत दिल्या जातात.

या गुप्ततेला एक मर्यादा आहे आणि ती मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. बैठकीतील बोलणे अमानत असल्याचे सांगणाऱ्या अबू दाऊदमधील एका रिवायतीत तीन अपवाद आले आहेत: अन्यायाने रक्त सांडणे, अब्रूवर हात टाकणे आणि दुसऱ्याचा माल लुबाडणे. तिच्या सनदीत दुर्बलता आहे. पण जीव आणि अब्रू यांचे रक्षण हे शरीअतचे ठाम उद्दिष्ट असल्याविषयी दुमत नाही. उघड्या पानावर मुलाला कोणी स्पर्शाने त्रास देत असल्याचे, कोणी अमानुष मारीत असल्याचे, किंवा जगणे नकोसे झाल्याचे दिसले, तर ते गुपित राहत नाही. घराण्याची अब्रू, जमातीची अब्रू हे शब्द अशा वेळी तोंडातून निघू नयेत. मुलाची अब्रू आधी. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि यातून मौलानाही सुटत नाहीत. मुलांसाठी 1098 आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक आमच्या मकतबाच्या भिंतीवर दुआंच्या तक्त्याशेजारी लावलेले आहेत.

राहिला प्रश्न घरचा. मुलाची वही गुपचूप उघडून पाहणाऱ्या आईवडिलांनी सूरह हुजुरातमधील तजस्सुसची मनाई आठवावी. काळजी असेल तर विचारावे. आखातात असलेल्या बांधवांना माझी विनंती आहे की, ते तीन प्रश्न जरूर विचारा, ते तुमचे कर्तव्य आहे. पण चौथा प्रश्न असा विचारा, ज्याचे उत्तर तुमच्या मुलाखेरीज जगात कोणाजवळच नाही. त्यासाठी त्याचा पक्षी कोणता हे आधी माहीत असावे लागते. आणि अबू उमैरच्या बाबतीत ते घरच्यांनी सांगितले होते, हे घरातील बायामाणसांनी ध्यानात घ्यावे.

त्या मुलाच्या आईने मला विचारले होते की, हे पान त्याच्या वडिलांना दाखवू का? मी म्हटले, त्यालाच विचारा. तिने विचारले की नाही, मला ठाऊक नाही. मुलगा नियमित येतो, असरनंतर सगळ्यांआधी लिहायला बसतो. त्याच्या वहीची सगळी पाने दुमडलेली असतात. मी ती उघडत नाही, फक्त मोजतो. गेल्या गुरुवारपर्यंत चौतीस झाली होती.